लोनचं शेड्यूल ओळीओळीने: घटत्या मुद्दलावरचं व्याज सॉफ्टवेअर नक्की कसं काढतं

एक लाख रुपये कर्ज, द.सा.द.शे. १२ टक्के व्याज, १२ महिन्यांची मुदत. कागद-पेन घ्या, मोबाईलचा कॅल्क्युलेटर चालेल, आणि माझ्यासोबत करून बघा, कारण हा विषय नुसता वाचून डोक्यात शिरत नाही पण दोन ओळी हाताने काढल्या की कायमचा बसतो.

हप्ता ८,८८५ रुपये. तो कुठून आला ते जरा वेळाने बघू. १२ टक्के वर्षाला म्हणजे महिन्याला १ टक्का, तर पहिल्या महिन्यात एक लाखावर १,००० रुपये व्याज झालं. तुम्ही भरले ८,८८५, त्यातले १,००० व्याजात गेले, उरलेले ७,८८५ मुद्दलातून वजा झाले, आता बाकी ९२,११५. दुसऱ्या महिन्यात व्याज लागणार ते या ९२,११५ वर, एक लाखावर नाही. म्हणजे ९२१ रुपये १५ पैसे. हप्ता तेवढाच, म्हणून मुद्दलात आता ७,९६३.८५ गेले, बाकी ८४,१५१.१५. तिसऱ्या महिन्यात व्याज ८४१.५१, मुद्दलात ८,०४३.४९, बाकी ७६,१०७.६६.

झालं. यालाच रिड्युसिंग बॅलन्स म्हणतात, घटती शिल्लक. बाकीवर व्याज काढा, हप्त्यातून व्याज बाजूला करा, जे उरलं ते मुद्दलातून कमी करा, नवीन बाकी घेऊन पुढच्या ओळीवर जा. बँकेचं कितीही मोठं सॉफ्टवेअर असू दे, आत हेच चक्र फिरतंय. यातली एक गंमत बघा, ७,८८५ ला १.०१ ने गुणलं तर बरोब्बर ७,९६३.८५ येतात. म्हणजे मुद्दलात जाणारा भाग दर महिन्याला व्याजदराइतकाच वाढतो, कारण जेवढं मुद्दल कमी झालं तेवढ्यावरचं व्याज वाचलं आणि ते वाचलेलं परत मुद्दलातच गेलं. शेड्यूल हातात आलं की मी सगळ्यात आधी हाच ताळा करतो.

आता ८,८८५ कुठून आले. शाळेतल्या सूत्रासारखं एक सूत्र आहे त्याचं. १.०१ चा बारावा घात काढायचा, येतो १.१२६८२५. एकला त्याने भागायचं, ०.८८७४४९. ते एकमधून वजा करायचं, ०.११२५५१. आणि पहिल्या महिन्याचं व्याज, म्हणजे १,०००, याला त्याने भागायचं. मधले दशांश कापले नाहीत तर उत्तर ८,८८४.८८ येतं, वरच्या रुपयात केलं की ८,८८५. एक्सेलमध्ये पीएमटी नावाचं फंक्शन हेच करतं, फक्त उत्तर वजा चिन्हासकट देतं कारण त्याच्या दृष्टीने पैसे तुमच्याकडून बाहेर जातायत.

पण सूत्र पाठ नसलं तरी अडत नाही, आणि खरं सांगायचं तर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने सूत्रापेक्षा दुसरी पद्धत समजून घेतलेली जास्त बरी. हप्ता अंदाजे धरा, समजा ९,०००. बारा ओळी काढा. शेवटी बाकी शून्याच्या खाली गेली तर हप्ता जास्त झाला, कमी करा. ८,८०० धरा, शेवटी बाकी शिल्लक राहिली, म्हणजे कमी पडला, वाढवा. दोन्हीच्या मधला आकडा घ्या, परत बारा ओळी. कॉम्प्युटर हे डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो आणि जिथे सूत्र लंगडं पडतं, म्हणजे पहिला महिनाच अर्धवट आहे, महिन्याचे दिवस कमीजास्त आहेत, मधे सहा महिने नुसतं व्याजच भरायचंय, तिथेही ही पद्धत चालते.

फ्लॅट रेटचं इथेच सांगून टाकतो, कारण दुकानात, शोरूममध्ये अजूनही "फक्त १२ टक्के" असं सांगून फ्लॅटचा आकडा पुढे केला जातो आणि माणसं घरच्या होम लोनच्या दराशी त्याची तुलना करून खूश होतात. फ्लॅट म्हणजे एक लाखावर वर्षाचं १२,००० व्याज आधीच काढलं, १,१२,००० ला बाराने भागलं, हप्ता ९,३३३.३३. मुद्दल कमी होतंय याचा व्याजावर काही परिणामच नाही, अकराव्या महिन्यात तुमच्याकडे जेमतेम सतरा हजार वापरायला उरलेत पण व्याज मात्र पूर्ण लाखावर चालू. घटत्या शिल्लकीच्या पद्धतीत वर्षाचं एकूण व्याज होतं ६,६१८.४६, इथे १२,०००. आणि हाच ९,३३३.३३ चा हप्ता घेऊन उलटा हिशोब केला, की कुठल्या घटत्या दराने एवढा हप्ता येईल, तर उत्तर येतं २१.४६ टक्के. साडेएकवीस! एक्सेलमध्ये रेट नावाचं फंक्शन आहे, त्यात महिने, हप्ता (वजा चिन्हासकट) आणि कर्ज टाका, महिन्याचा दर येतो, बाराने गुणा. दोन मिनिटांचं काम आहे, सही करायच्या आधी कराच.

आपल्याकडे पगारदार नोकरांच्या पतसंस्थांमध्ये तिसरा एक प्रकार खूप चालतो, त्यात मुद्दल समान असतं आणि व्याज वेगळं. महिन्याला मुद्दल ८,३३३.३३ ठरलेलं, त्यावर त्या महिन्याच्या बाकीचं व्याज. पहिला हप्ता १,००० व्याज धरून ९,३३३.३३, शेवटचा ८,४१६.६७, वर्षाचं एकूण व्याज ६,५००. पहिला हप्ता वरच्या फ्लॅटच्या हप्त्याएवढाच आला की नाही? म्हणजे फ्लॅटवाला तुमच्याकडून पहिल्या महिन्याचा हप्ता शेवटपर्यंत घेत राहतो, असं म्हटलं तरी चालेल. मला स्वतःला हा समान मुद्दलाचा प्रकार सगळ्यात स्वच्छ वाटतो, सभासदाला तोंडी हिशोब करता येतो, फक्त सुरुवातीचे हप्ते जड जातात आणि पगारातून कापताना दर महिन्याला वेगळा आकडा द्यावा लागतो.

आता मोठं कर्ज घेऊ. ३० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता साधारण २६,०३५. पहिल्या महिन्याचं व्याज २१,२५० आणि मुद्दलात जातात फक्त ४,७८५. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलं, १५ लाख ६२ हजार गेले, आणि स्टेटमेंट काढलं तर बाकी अजून २६ लाख ४४ हजार. इथे लोकांचा धीर सुटतो, बँकेने फसवलं असं वाटतं, भांडायला जातात. फसवलेलं नसतं, वरच्याच तीन ओळींचा हिशोब आहे, फक्त बाकी मोठी असल्यामुळे व्याजच हप्ता खाऊन टाकतं. या कर्जात हप्त्यातला मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा होतो तो १४३ व्या हप्त्याला, म्हणजे जवळपास बारा वर्षांनी. वीस वर्षांत एकूण व्याज साडेबत्तीस लाखांच्या आसपास जातं.

इथपर्यंत गणित सरळ आहे. पण दोन वेगवेगळी सॉफ्टवेअरं एकाच कर्जाचं शेड्यूल वेगवेगळं का देतात, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि माझं म्हणणं असं आहे की गणित कधीच वेगळं नसतं, वेगळ्या असतात त्या गणिताच्या आधी धरलेल्या चार-पाच गोष्टी, आणि त्या कुणी लिहून ठेवत नाही.

पहिली गोष्ट, बाकी कधी कमी धरायची. याला रेस्ट म्हणतात. मंथली रेस्ट म्हणजे हप्ता भरला की त्या महिन्यापासून बाकी कमी. पूर्वी घरकर्जांमध्ये वार्षिक रेस्ट चालायचा, म्हणजे तुम्ही दर महिन्याला हप्ता भरताय पण मुद्दल वर्षाच्या शेवटी एकदाच कमी होणार, तोपर्यंत व्याज जुन्याच बाकीवर. त्याच ३० लाखांवर, त्याच साडेआठ टक्क्यांनी, वार्षिक रेस्टमध्ये हप्ता होतो २६,४१८. महिन्याला ३८३ चा फरक, वीस वर्षांत ९२ हजार. दर तोच, फक्त एक शब्द बदलला.

दुसरी गोष्ट, दिवस. महिन्याला १ टक्का म्हणणं सोपं आहे पण अनेक बँका दिवसावर व्याज काढतात, बाकी गुणिले दर गुणिले दिवस भागिले ३६५. मग एक लाखावर १२ टक्क्यांनी ३१ दिवसांच्या महिन्यात १,०१९.१८ होतात आणि २८ दिवसांच्या फेब्रुवारीत ९२०.५५. आणि कोणी ३६५ ऐवजी ३६० ने भागलं तर ३१ दिवसांचे १,०३३.३३. भागायला ३६० आणि मोजायला खरे दिवस, असं केलं की १२ टक्क्यांचे वर्षाला गुपचूप १२.१७ होतात. लीप वर्षात ३६५ ने भागायचं की ३६६ ने, हेही ठरवून लिहून ठेवावं लागतं, नाहीतर २९ फेब्रुवारी आला की दोन शाखांचे आकडे जुळत नाहीत. आणि दिवसावर व्याज काढायचं ठरवलं की वरचं सूत्र वापरून काढलेला हप्ता शेवटी बाकी शून्यावर आणत नाही, कारण सूत्राला सगळे महिने सारखे लागतात. तिथे मग ती अंदाज-करून-बघायची पद्धत वापरायची किंवा फरक शेवटच्या हप्त्यात टाकायचा.

आता पैशांचं राउंडिंग, आणि इथे मी जरा थांबणार आहे. मी पतसंस्थांना लागणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कर्जाचं मॉड्यूल लिहितो. सुरुवातीच्या दिवसांत तालुक्याच्या गावातल्या एका संस्थेत शेड्यूलचं प्रिंट घेऊन गेलो होतो, हेच एक लाखाचं. तिथले जुने अकाउंटंट, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, त्यांनी चष्मा वर केला, पेन्सिल घेतली आणि एकेक ओळ कॅल्क्युलेटरवर मारत खाली आले. अकरा ओळींना टिक केली. बाराव्या ओळीवर पेन्सिल थांबली.

"हे काय रे? बाकी वजा एक रुपया चोपन्न पैसे? म्हणजे आता संस्था सभासदाचं देणं लागते का?"

मी म्हटलं, "अण्णा, ते राउंडिंगमुळे आलंय, तेवढं चालतं."

"तुझ्या कॉम्प्युटरला चालत असेल. असे हजार सभासद धर, माझ्या तेरजेत दीड हजाराचा फरक आला, तो मी कुठल्या खात्यावर लिहू सांग."

बरोबर होतं त्यांचं. तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाकींचा एकत्र तक्ता, तो पैशापर्यंत जुळावा लागतो. अकराव्या महिन्यानंतर बाकी ८,७९५.५० असते, त्यावर व्याज ८७.९६, म्हणजे शेवटच्या हप्त्याला सभासदाकडून यायला पाहिजेत ८,८८३.४६ आणि मी सगळ्यांना सरसकट ८,८८५ लावले होते. शेवटचा हप्ता हा हप्ता नसतोच, तो "राहिलेली बाकी अधिक त्या महिन्याचं व्याज" असतो, हे त्या दिवसापासून माझ्या कोडमध्ये वेगळं लिहिलेलं आहे. हप्ता खालच्या रुपयात केला असता, ८,८८४, तर उलटं झालं असतं, शेवटचा हप्ता अकरा रुपयांच्या आसपास जास्त आला असता. दोन्ही चालतं, पण शेवटची ओळ शून्यावर आली पाहिजे आणि सभासदाच्या हातात तोच आकडा गेला पाहिजे.

त्याच बाराव्या ओळीत अजून एक बारीक गोष्ट आहे. ८,७९५.५० वर १ टक्का म्हणजे नेमके ८७.९५५, अर्ध्या पैशावर येऊन अडकलेला आकडा. वर न्यायचा की खाली? कागदावर आपण ८७.९६ करतो. कॉम्प्युटरमध्ये मात्र साधे दशांश आकडे आत बायनरीत साठवले जातात आणि ८७.९५५ तिथे तंतोतंत बसत नाही, केसभर कमी किंवा केसभर जास्त साठतो, त्यामुळे एक प्रोग्राम ८७.९५ देतो आणि दुसरा ८७.९६. जावास्क्रिप्टमध्ये १.००५ ला दोन दशांशांवर आणायला सांगा, १.०१ ऐवजी १.०० मिळेल. पायथनचा राउंड २.५ चे २ करतो, कारण तो अर्ध्यावर आला की जवळच्या सम आकड्याकडे जातो, एक्सेलचा राउंड ३ करतो. दोघांचेही नियम योग्यच आहेत पण वेगळे आहेत, आणि मोबाईल अॅप एकात आणि ऑफिसचं सॉफ्टवेअर दुसऱ्यात लिहिलेलं असलं की सभासदाला अॅपवर एक आकडा दिसतो आणि पावतीवर एक पैशाने वेगळा. म्हणून पैशाचा हिशोब फ्लोटमध्ये, म्हणजे या बायनरीतल्या दशांश आकड्यांत, करूच नये, डेसिमल टाइप वापरावा किंवा सगळं पैशांत पूर्ण संख्या म्हणून ठेवावं, आणि राउंडिंगचा नियम एकाच ठिकाणी लिहावा.

एक्सेलवाल्यांची नेहमीची अडचण याच घरातली. सेल दोन दशांशांवर फॉरमॅट केली की डोळ्याला ८४१.५१ दिसतं पण आत ८४१.५११५ च असतं, पुढची ओळ त्या आतल्या आकड्यावर चालते. मग दिसणाऱ्या आकड्यांची बेरीज हाताने केली की जुळत नाही. व्याजाच्या कॉलमला राउंड फंक्शन लावा, नुसतं फॉरमॅट नको, आणि प्रत्येक ओळीलाच राउंड करा, शेवटी एकदम नाही, कारण पावती प्रत्येक ओळीची फाटते.

तारखांचा एक घोळ सांगतो, माझ्याच हातून झालेला. कर्ज दिलं ३१ जानेवारीला, हप्ता दर महिन्याच्या ३१ तारखेला. मी कोड असा लिहिला होता की मागच्या हप्त्याच्या तारखेत एक महिना मिळवायचा. ३१ जानेवारीत महिना मिळवला, २८ फेब्रुवारी आली, ते ठीक. मग २८ फेब्रुवारीत महिना मिळवला, २८ मार्च. इथून पुढे सगळे हप्ते २८ वरच! मार्चचा हप्ता तीन दिवस आधी ड्यू दाखवला गेला आणि वेळेत भरणाऱ्या लोकांच्या नावावर तीन दिवस थकबाकी लागली. प्रत्येक हप्त्याची तारीख मूळ तारखेपासून मोजायची, ३१ जानेवारी अधिक एक महिना, अधिक दोन महिने, अधिक तीन, असं, मागच्या ओळीवरून नाही. लोकांच्या नावापुढे थकबाकी लिहिणं ही छोटी गोष्ट नाही, त्यांचं पुढचं कर्ज त्यावर अडतं, म्हणून त्या आठवड्यात रोज ऑफिसात बसून एकेक खातं दुरुस्त केलं.

कर्ज दिल्याची तारीख आणि पहिल्या हप्त्याची तारीख यातलं अंतर पण बघायला लागतं. १० तारखेला पैसे मिळाले आणि हप्ता दर ५ तारखेला, तर मधल्या तुटक दिवसांचं व्याज वेगळं काढतात. पण ते पैसे प्रत्यक्ष हातात आल्याच्या दिवसापासूनच. काही कर्ज देणारे मंजुरीच्या तारखेपासून व्याज लावत होते, काही जण महिन्याच्या मधे पैसे दिले तरी पूर्ण महिन्याचं, काही जण एक-दोन हप्ते आधीच कापून घेऊन व्याज मात्र पूर्ण रकमेवर काढत होते, हे रिझर्व्ह बँकेला तपासणीत सापडलं आणि २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात त्यांनी हे प्रकार नावानिशी लिहून बंद करायला सांगितले. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत, त्या सहकार कायद्याखाली सहकार खात्याकडे असतात, पण नियम चांगला आहे तर तो आपणही पाळायला हरकत नाही असं मी प्रत्येक संस्थेला सांगतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे सॉफ्टवेअर बनवणारे सगळ्यात जास्त चुकतात. शेड्यूल वेगळं आणि खातं वेगळं. शेड्यूल म्हणजे ठरलेलं वेळापत्रक, सगळं वेळेवर झालं तर असं होईल. खातं म्हणजे खतावणी, प्रत्यक्षात काय झालं ते. कोणी ५ ऐवजी १९ तारखेला भरतो, कोणी अर्धाच हप्ता देतो, कोणी ऊसाचं बिल आलं की एकदम पन्नास हजार आणून टाकतो. खऱ्या बाकीवर, खऱ्या दिवसांचं व्याज खात्यात चढतं, आणि पुढचं शेड्यूल त्या बाकीवरून परत काढायचं असतं. ज्यांनी शेड्यूललाच खातं समजून "किती हप्ते भरले" यावरून बाकी दाखवली त्यांचा आकडा पहिल्या उशिरापासून खोटा होतो. अण्णांचं एक वाक्य होतं, कोणी काउंटरवर येऊन "माझे किती हप्ते राहिले" असं विचारलं की ते म्हणायचे, "हप्त्यांचं नंतर बघू, आधी मुद्दल किती राहिलंय ते बघू."

जादा पैसे भरले की काय होतं ते त्या ३० लाखांवर बघा. एक वर्षाने, बारा हप्ते झाल्यावर, बाकी साधारण २९ लाख ४० हजार आणि हप्ते राहिले २२८. त्यावेळी एक लाख जास्तीचे भरले आणि हप्ता तोच ठेवला तर राहिलेले हप्ते २२८ वरून २१० वर येतात, अठरा हप्ते गेले, व्याजात वाचले सुमारे ३ लाख ७० हजार. मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेतला तर तो २५,१४९ होतो आणि व्याजात वाचतो साधारण एक लाखच. सॉफ्टवेअरने हा प्रश्न माणसाला विचारला पाहिजे, मनानेच एक निवडून मोकळं व्हायला नको. मी हप्ता तोच ठेवा असं सांगतो, पण ज्याच्या घरात महिन्याची ओढाताण आहे त्याला दर महिन्याला हातात राहणारे साधारण ८८५ रुपये जास्त मोलाचे असू शकतात.

व्याजदर वाढला की हेच चक्र उलटं फिरतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. समजा कोणी ३० लाख पावणेसात टक्क्यांनी घेतले होते, हप्ता २२,८११. वर्षाने बाकी २९ लाख २६ हजार आणि दर झाला सव्वानऊ. महिन्याचं व्याज आता २२,५५९. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जातात महिन्याला फक्त अडीचशे रुपये, आणि मुदत काढली तर येतात ५८७ महिने, म्हणजे एकोणपन्नास वर्षं! अजून पाव टक्का वाढला असता तर हप्ता व्याजालाही पुरला नसता आणि भरत असताना बाकी वाढत गेली असती. याला निगेटिव्ह अमॉर्टायझेशन म्हणतात. खूप जणांच्या बाबतीत मुदत अशी परस्पर वाढली आणि त्यांना दोन वर्षांनी स्टेटमेंट बघून कळलं. १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारा, आणि मुदत वाढवताना निगेटिव्ह अमॉर्टायझेशन होऊ देऊ नका. कोडमध्ये याची तपासणी एका ओळीची आहे, महिन्याचं व्याज हप्त्याएवढं किंवा जास्त झालं की थांब आणि माणसाला सांग. ती ओळ नसेल तर मुदत काढणारा लूप संपतच नाही, सॉफ्टवेअर हँग होतं.

दंडव्याजाचंही असंच, पूर्वी ते बाकीत मिळवून त्यावर परत व्याज चालू व्हायचं. १ एप्रिल २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना दंड हा शुल्क म्हणून वेगळा ठेवावा लागतो, मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावता येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये त्याचा कॉलमच वेगळा हवा. २०२० च्या मोरेटोरियममध्ये, म्हणजे हप्ते लांबवायच्या सवलतीत, मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवलेल्यांनी मिसळण्याचा परिणाम बघितलाय, वरच्याच साडेआठ टक्क्यांच्या कर्जात सहा महिन्यांचं व्याज बाकीत मिळवून हप्ता तोच ठेवला तर राहिलेले हप्ते २२८ चे २५५ होतात. सहा न भरल्याचे सत्तावीस वाढले.

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर झालेल्या रिटेल (वैयक्तिक ग्राहकांच्या) आणि सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांना बँकेने "की फॅक्ट्स स्टेटमेंट", म्हणजे कर्जाची मुख्य माहिती एकत्र देणारा कागद, द्यायचं असतं, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर आणि पूर्ण शेड्यूल असतं. तुमच्याकडे असेल तर बाहेर काढा. कुठल्याही एका ओळीची सुरुवातीची बाकी घ्या, व्याजदराने गुणा (खर्च धरलेल्या दराने नाही), बाराने भागा. व्याजाचा आकडा जुळला तर मासिक हिशोब आहे. थोडा इकडेतिकडे आला तर त्या महिन्याचे दिवस मोजून ३६५ ने भागून बघा. तरीही नाही जुळला तर ३६० करून बघा, आणि तो जुळला तर शाखेत जाऊन लेखी विचारा. मग शेवटच्या ओळीवर या. तिथला हप्ता बाकीच्यांपेक्षा थोडा वेगळा असायला हवा आणि बाकी शून्य. सगळे हप्ते पैशापर्यंत सारखे आणि तरी शेवटी बाकी शून्य दिसत असेल, तर फरकाचे ते रुपया-दीड रुपया कुठल्या कॉलममध्ये गेलेत ते बघा, बहुतेक वेळा शेवटच्या ओळीच्या व्याजात मिळवलेले सापडतात.